मापाला उभ्या राहिलो

हिबा नव्या यंत्राच्या दांड्याकडं बोट दाखवून म्हणाली, "रोझिली चेची, आता ओढा," आणि त्याच क्षणी मला कळलं, की या पोरीला मी फसवलंय. दांडा उजव्या बाजूला होता, खांद्याच्या बराच वर. तो ओढला की त्याच्या टोकाची रबर लावलेली पन्हाळी रोग्याची टाच घेऊन वर चढणार, खटका बसणार आणि पाय अधांतरी थांबणार. मग आयोडीननं रंगवा कितीही वेळ. कागदावर चित्र पाहिलं तेव्हा मी ऐटीत मान डोलावली होती. बिन्सीला म्हटलंही होतं, बघ गं, माझ्या मापानं केलंय. आता सकाळचे सव्वासात वाजले होते, तीन नंबरच्या ऑपरेशन थिएटरात टेबलावर वाळू भरलेला खोटा पाय ठेवला होता, सगळ्या पोरी भिंतीला टेकून बघत होत्या, आणि माझा उजवा हात छातीपर्यंत गेला आणि तिथून पुढं जायला नाही म्हणाला. गेली चार वर्षं तो नाहीच म्हणतोय. थिएटरात हे एकाही माणसाला ठाऊक नाही. मी डाव्या हातानं टोपी सारखी केली आणि म्हटलं, "आधी बिन्सीला ओढू दे. मला पहिल्या केसची औजारं मोजायचीत." असं म्हणून बाजूला झाले. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला.

बिन्सी चार फूट दहा इंच. चवड्यांवर उभी राहिली, दोन्ही हातांनी दांडा धरला, मास्कच्या वर तिच्या कपाळाची शीर उभी राहिली, आणि एकदाचा खटका बसला. "बसलं," ती धापा टाकत म्हणाली, "छान आहे." मग लिजीनं ओढला. "छान आहे." मग तिसरीनं. छान, छान, छान. हिबा प्रत्येकीपुढं वहीत खूण करत होती आणि तिचा चेहरा नुसता उजळत चालला होता. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, सव्वीस-सत्तावीसची असेल, चावक्काडची, मला चेची म्हणजे ताई म्हणते. तिच्यासोबत आमचे डॉक्टर इट्टूपही उभे होते, गुडघे बदलणारे. आमच्या त्रिशूरच्या या मिशन हॉस्पिटलात लोक त्यांच्यासाठी लांबलांबून येतात. ते म्हणाले, "चला, मग पहिली केस झाली की मदरची सही घेऊ. शनिवारी कोइमतूरच्या कारखान्यात साचा टाकतील, एकदम सहा नग. एकदा साचा पडला की पडला हं, मग बदल नाही." आणि माझ्याकडं वळून, "रोझिलीनं माप दिलंय म्हटल्यावर चुकायचा प्रश्नच नाही." मी हसले. मास्क होता म्हणून बरं.

गुडघ्याचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना सुरी आठवते, हातोडी आठवते. त्याच्या आधी काय चालतं ते कुणाला ठाऊक नसतं. कमरेत सुई देऊन रोग्याचं खालचं अंग बधिर केलं, की त्याचा पाय त्याचा राहत नाही. मेलेलं वजन होतं ते. नव्वद किलोच्या माणसाचा एक पाय चौदा-पंधरा किलो भरतो. तो टाचेला धरून वर उचलायचा, ताठ, टेबलाला कुठं न टेकवता, आणि दुसरी बाई त्याला बोटांपासून जांघेपर्यंत आयोडीन लावणार, एकदा, दोनदा, वाळू देणार, मग खालून स्वच्छ कापड सरकवणार. सहा मिनिटं, कधी आठ. मध्येच पाय टेकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला चार केस, कधी पाच. मी हे एकोणतीस वर्षं केलंय. माझ्या बॅचच्या निम्म्या पोरी कुवेतला गेल्या, चार आयर्लंडला आहेत, ग्रुपवर त्यांचे बर्फातले फोटो येतात. एकीनं लिहिलं होतं, आमच्याकडं हातानं कुणी काही उचलत नाही, सगळ्याला यंत्र आहे. मी खाली लिहिलं, का गं, तिथल्या बायकांना हात नाहीत? बत्तीस जणी हसल्या होत्या. मला त्याचा केवढा आनंद झाला होता.

कारण माझ्या हाताला नाव होतं. माझी दहा वर्षं भरली त्या साली एका भातगिरणीच्या मालकाचा पाय मी अकरा मिनिटं धरला होता. माणूस एकशे अठरा किलोचा. अर्धा पाय रंगवून झाला आणि दिवे गेले, जनरेटर कुरकुरत बसला. भर दुपारी आत काळोख. डॉक्टर इट्टूप तेव्हा नवे होते, ओरडले, "ठेवा खाली, पुन्हा करू." मी म्हटलं, "कशाला? मी धरलाय." दिवे आले तेव्हा पाय होता तिथं होता, एक इंच खाली नाही. ही गोष्ट ते दर वर्षी नव्या पोरींना सांगतात आणि दर वर्षी त्यात एखादं मिनिट, एखादा किलो वाढतो. मी कधी दुरुस्त करत नाही. आणि आमच्या थिएटरात एक रिवाज आहे, तोही माझ्यामुळंच पडलेला. पाय धरताना जिचा हात थरथरला तिनं दुपारच्या चहाला सगळ्यांना परिप्पुवडे, म्हणजे डाळवडे, आणायचे. कॅन्टीनचा म्हातारा वर्दी घेतानाच विचारतो, आज कुणाचा हात हलला? बिन्सी आल्यावर पहिल्या महिन्यात तिनं सात वेळा आणले. "काय गं, सकाळी पुट्टू खाल्ला नव्हतास? कुठून आल्यात या वाऱ्यानं हलणाऱ्या पोरी!" असं मी सगळ्यांसमोर म्हणायचे, पोरी फिदीफिदी हसायच्या, तीही हसायची. आठव्या महिन्यापासून तिचा हात हलायचा बंद झाला. मी मनात म्हटलं, तयार झाली. इतक्या वर्षांत मी स्वतः एकदाही वडे आणलेले नव्हते.

पहिली केस सुरू झाली. नवं यंत्र भिंतीशी झाकून ठेवलं होतं, सही झाल्याशिवाय खऱ्या रोग्याला लावायचं नव्हतं. मी हात धुऊन, गाऊन घालून औजारांच्या टेबलापाशी उभी होते, रंगवायचं काम माझं, पाय धरायला बिन्सी. पहिल्या केसला हल्ली मी वाटणी अशीच करते. मोठी आहे, मला कोण विचारणार? चार वर्षांपूर्वी एका बाईला ट्रॉलीवरून टेबलावर घेताना ती घसरली, मी उजव्या हातानं झेललं आणि खांद्यात कापड फाटावं तसं काहीतरी झालं. आवाज आला, खरंच आला. मी कुणाला बोलले नाही. त्या दिवशी तीन पाय धरले. घरी गेल्यावर अंबाडा घालायला हात वर करते तो लुळा पडल्यासारखा खाली आला. तेव्हापासून रोज पहाटे माझा नवरा देवस्सी माझा अंबाडा घालतो. आखातात वीस वर्षं एसी दुरुस्त केलेला माणूस, पिना दातांत धरतो आणि अगदी घट्ट घालतो. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "डॉक्टरला दाखवायचं का?" मी म्हटलं, "रोज नऊ डॉक्टरांमध्ये उभी असते मी." पुन्हा त्यानं विचारलं नाही. कपडे वाळतही तोच घालतो, आणि शेजारणीनं टोमणा मारला की तिला खुशाल सांगतो, मला आवडतं.

दाखवायचं कसं? सौदामिनीचं काय झालं ते डोळ्यांसमोर होतं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, हाताला माझ्याइतकीच पक्की. तिनं मानेचं दुखणं सरळ जाऊन हॉस्पिटल सांभाळणाऱ्या मदर बेनिटांना सांगितलं. मदर काही दुष्ट नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या रोग्याचा पाय तुझ्या हातून पडला तर?" दुसऱ्या सोमवारपासून सौदामिनी थिएटरातून खाली, तळमजल्यावर, चादरींच्या खोलीत. मी तिला भेटायला गेले तर ती उशांचे अभ्रे मोजत होती, मला बघून मोजणं थांबवलं नाही. तिथूनच रिटायर झाली. मला अभ्रे मोजायचे नव्हते. मला इथं उभं राहायचं होतं, या पांढऱ्या दिव्याखाली, जिथं डॉक्टर इट्टूप न बघता हात मागं करतात आणि मी न विचारता हवं ते औजार त्यात ठेवते. जिथं मी रोझिली आहे. बाहेर बसमध्ये मी एक पोट सुटलेली बावन्न वर्षांची बाई आहे, कंडक्टर पुढं सरका म्हणतो तशी सरकते. इथं मला कुणी सरक म्हणत नाही. म्हणून मी माझी रीत शोधून काढली. टाच डाव्या कोपराच्या खोबणीत, पोटरी खांद्यावर, कमरेचं हाड टेबलाच्या कडेत रोवायचं, गुडघा वाकवून टेबलाच्या पायाला टेकवायचा. उजवा हात खालून नुसता लावायचा, शोभेला. आणि उभं राहायचं असं की माझी पाठ डॉक्टरांकडं यावी. चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. याचासुद्धा मला अभिमान वाटायचा, काय सांगू तुम्हाला.

आणि मग तीन महिन्यांपूर्वी हिबा आली, टेप आणि कॅमेरा घेऊन, खांद्यांना चिकटवायच्या, ताण मोजणाऱ्या टिकल्या घेऊन. म्हणाली, जमिनीपासून कोपर किती, खांदा किती, पाय धरताना पाठ किती वाकते, सगळं मोजायचंय, अकरा जणींचं. "तुम्ही रोज जसं धरता तसंच धरा, चेची. मी इथं नाही असं समजा." पण ती होती की तिथं. डॉक्टर होते, मदर दारात उभ्या होत्या, दहा पोरी बघत होत्या. मी घरून निघतानाच दोन गोळ्या घेतल्या होत्या. उभी राहिले. पाठ ताठ, कोपरं सरळ, दोन्ही हात पुढं, उजवा वर. नर्सिंगच्या पुस्तकातलं चित्र. सहा मिनिटं. टिकलीखालचं मांस पेटलं होतं, आणि मी हिबाला विचारत होते, तुमच्या चावक्काडला मासळी कशी आहे हल्ली? पोरींनी टाळ्या वाजवल्या. हिबा म्हणाली, "मा शा अल्ला, तुम्ही तर पुतळ्यासारख्या उभ्या राहता!" त्या रात्रीचं जेवण देवस्सीनं मला भरवलं. त्या सहा मिनिटांवरून तिनं ते यंत्र काढलं होतं. असा उजवा हात जगात नव्हताच, आणि त्या हातासाठी सहा नग पडणार होते शनिवारी.

मी आयोडीनचा बोळा चिमट्यात धरला आणि रंगवायला वाकले, आणि वाकल्यामुळं मला बिन्सी खालून दिसली. एवढ्या वर्षांत मी पाय बघत आले, त्याला धरणारीकडं बघायची वेळच आली नव्हती. टाच तिनं स्वतःच्या गळ्याखालच्या हाडावर टेकवली होती. एक पाय दुसऱ्याभोवती गुंडाळला होता, सगळं अंग एका अंगाला तिरपं, आणि मास्क तोंडात धरून चावत होती. हात मात्र हलत नव्हता. डोळ्यांत पाणी भरलं होतं, ते पडू नये म्हणून ती छताकडं बघत होती. चोवीस वर्षांची पोर. माझ्याच अंगात कळ आली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिनंही स्वतःच शोधलं होतं, माझ्यासारखं, माझ्यापासून लपवायला. सकाळी हीच म्हणाली होती, छान आहे. मापाच्या दिवशीही ही भिंतीला पाठ लावून उभी असावी तशी ताठ उभी होती, कारण तिच्या आधी मी तशी उभी राहिले होते. मला एकदम माझी अम्मच्ची, माझी आई आठवली. ओल्लूरच्या कौलांच्या कारखान्यात ओल्या मातीचे गोळे डोक्यावरून वाहायची, मुकादम दिसला की मान सरळ करायची, तो गेला की भिंतीला डोकं टेकायची. आम्ही पोरी तिची मान चोळायचो तेव्हा म्हणायची, बाहेर बोलू नका गं. मी तिच्यावर चिडायचे. म्हणायचे, मी नर्स होणार, मी नाही अशी भिणार. "सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "मांडी राहिली." मी मांडी रंगवली. दोनदा.

केस संपेपर्यंत साडेदहा झाले. या सगळ्या वेळात मी एकही औजार चुकले नाही, हे सांगून ठेवते. डोक्यात मात्र भांडण चाललं होतं. गप्प बस, रोझिली, सहा वर्षं राहिलीत. यंत्र आलं तर येऊ दे, पोरी दोन दिवस ओढतील, मग कोपऱ्यात ढकलतील, वर गाऊन वाळत घालतील. अशी किती यंत्रं आली नि गेली. तुझं काय जातंय? मग दुसरी बाजू बोलायला लागली, की हिबानं मापाच्या दिवशी सांगितलेलं आठव. तिची उम्मा, म्हणजे आई, रियाधला थिएटरात नर्स होती. एकेचाळीसाव्या वर्षी कमरेची गादी सरकून घरी आली. "नमाज खुर्चीवर बसून पढते," हिबा म्हणाली होती, "कपाळ जमिनीला टेकवता येत नाही तिला. त्याचं तिला सगळ्यात वाईट वाटतं." तेव्हा मी च् च् केलं होतं, आणि मग जाऊन ताठ उभी राहिले होते. लाज वाटली मला. माझी लाज मला सहन होत नाही, तो माझा स्वभावच नाही. मी हातमोजे काढले आणि चहाच्या खोलीत गेले.

तिथं हिबा होती, बिन्सी आणि लिजी होत्या, डॉक्टर इट्टूप केळं सोलत उभे होते, आणि मदर बेनिटा सहीचा कागद पुढं घेऊन चष्मा शोधत होत्या. माझं नशीब, सगळी पंचायत एकाच ठिकाणी. मी म्हटलं, "मदर, सही करू नका. माप चुकलंय."

"कुणाचं?" हिबानं विचारलं.

"माझं. मी खोटी उभी राहिले होते." आणि उजवा हात उचलून दाखवला. छातीपर्यंत. "हा इथवरच येतो. चार वर्षं झाली. तुझा दांडा ओढायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल."

डॉक्टरांच्या हातातलं केळं तसंच राहिलं. "रोझिली! चार वर्षं? माझ्या डोळ्यांदेखत?"

"तुमचे डोळे गुडघ्यावर होते, डॉक्टर."

हिबा उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा सकाळी जितका उजळला होता तितकाच आता उतरला. "मी शंभरदा सांगितलं होतं, जसं धरता तसं धरा! तीन महिने गेले माझे, चेची. टिकल्यांवर उजव्या खांद्याचं वजन आलं ते मी खरं धरलं. आता कुठलं खरं धरू? कशासाठी केलंत असं?"

"टाळ्यांसाठी," मी म्हटलं. "आणि हिच्यासारख्या पोरींनी बघावं म्हणून." बिन्सीकडं वळले. "बिन्सी, खरं सांग. दांडा बसतो का तुला?"

"बसतो की, चेची."

"तुझा गाऊन सरकव गळ्यावरनं. सरकव म्हणते ना."

तिनं सरकवला. हाडावर एक जुना काळा-निळा डाग होता, टाचेएवढा. मदर पुढं झाल्या, त्यांनी त्यावर बोट ठेवलं. मग बिन्सी रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, "नाही बसत. चवड्यांवर उभं राहावं लागतं. पण तुमच्या मापाचं आहे म्हटल्यावर मी कसं म्हणू?" तिचं बघून लिजी म्हणाली, मी तर पाय डोक्यावर घेते, टोपीखाली रुमालाची चुंबळ ठेवून. डोक्यावर! कोळणीनं टोपली घ्यावी तसा! मला त्याही परिस्थितीत हसू आलं. आणखी दोघीजणी दारातून ऐकत होत्या, त्या आत आल्या. कुणी पोटावर पेलायची, कुणी टेबलाच्या खाली स्टूल लपवलं होतं. मापाला आम्ही अकराच्या अकरा जणी फोटोला उभं राहावं तशा उभ्या राहिलो होतो. मी म्हटलं, "लिजी, कॅन्टीनला सांग, आज वडे माझ्याकडून. आणि हिबा, तुझा कॅमेरा आण. आता रोज धरते तसा धरून दाखवते."

वाळूचा पाय मी माझ्या रीतीनं उचलला, सगळ्यांसमोर. टाच कोपरात, कंबर टेबलात, गुडघा खाली, वाकडी-तिकडी, कुरूप. डॉक्टरांकडं पाठ न करता, तोंड करून. अंगावरचं लुगडं सुटावं तसं वाटलं पहिल्यांदा. आणि मग, देवाशपथ, मला एकदम मान वर करावीशी वाटली. एक हात निकामी असताना मी हे चार वर्षं, दिवसाला तीन वेळा केलं होतं आणि एकाही रोग्याचा पाय टेकू दिला नव्हता. हे अकरा मिनिटांपेक्षा मोठं होतं. त्याची गोष्ट कुणी सांगत नव्हतं एवढंच. हिबा आधी रागानंच बघत होती. मग ती गुडघ्यांवर बसली, मग सरळ फरशीवर पालथी झाली आणि टेबलाखालून बघायला लागली. "हात, कंबर, खांदा, सगळं कामाला लागलंय," ती खालून म्हणाली. "पाय काय करतात?"

"पाय काय करणार? उभे असतात."

"म्हणजे रिकामे?"

"अगं, रिकामे कसे? टेबल वरखाली करायचं असलं की आम्ही पायानंच..." मी थांबले. टेबलाच्या बुडाशी असलेल्या लोखंडी पट्टीवर माझा डावा पाय होता. ती चारदा दाबली की दीडशे किलोचा माणूस निजल्या जागी वर येतो, घाम येत नाही. रोज दाबतो आम्ही. एकोणतीस वर्षं मी पायानं आख्खा माणूस उचलत होते आणि त्याचा एक पाय उचलायला हात मोडून घेत होते. हिबा माझ्या पावलाकडं बघत होती. मी पट्टी दाबली. टेबल फुस्स करून वर आलं. दोघी एकमेकींकडं बघून वेड्यासारख्या हसायला लागलो, आणि मग तिनं फरशीवरच वही उघडली. पन्हाळी टाचेखाली सरकवायची, पाय टेबलावर असतानाच. उचलायचं काम खालून. "कितीदा दाबणं चालेल?" "पाच. सहाव्याला पोरी कंटाळतील." "पट्टी केवढी रुंद?" "पावसाळी चप्पल बसेल एवढी, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, सगळ्या काही माझ्यासारख्या डावखुऱ्या झालेल्या नाहीत." ती लिहीत होती, मी सांगत होते. डॉक्टर मध्ये काहीतरी बोलायला गेले तर मी म्हटलं, "थांबा हो जरा, बायकांचं चाललंय."

मदर बेनिटांनी मला संध्याकाळी खोलीत बोलावलं. सहीचा कागद त्यांनी फाडला नव्हता, खणात ठेवला होता. म्हणाल्या, "तुला आता वर ठेवता येणार नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक होतं म्हणूनच चार वर्षं बोलले नाही, मदर."

"रोग्याचा पाय पडला असता तर?"

"पडला नाही. पण तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आणि मीही एक विचारते. आम्ही खरं सांगितलं की खाली पाठवणार असाल, तर खरं सांगणार कोण? बिन्सीला तिच्या डागासाठी खाली पाठवलंत तर मी तुमच्या दारात बसेन."

मदरनी गळ्यातला क्रूस बोटांत धरला. म्हणाल्या, "बिन्सी कुठं जाणार नाही. त्या मुलीचं यंत्र येईपर्यंत एक पाय दोघींनी धरायचा, तशी नोटीस लावते." मग खण बंद करत, "तू मात्र जाशील." मी हो म्हटलं. जिन्यावर आल्यावर रडले. भरपूर रडले, कठड्याला धरून. त्याची मला लाज वाटली नाही.

आता मी तळमजल्यावर असते, औजारं धुऊन, उकळून, कापडात बांधून वर पाठवायच्या खोलीत. दिवसा दिवे कमी, वाफ फार. डॉक्टर इट्टूपनी माझ्या खांद्याचे फोटो काढवले आणि मला झाप झाप झापलं. आठवड्यातून तीनदा व्यायामाला जाते. हात आता हनुवटीपर्यंत येतो, देवस्सी अजून अंबाडा घालतो. हिबा दर शुक्रवारी दुपारी यायची, कधी पन्हाळीचं रबर दाखवायला, कधी पट्टीचा उतार. जाड झालं, मी म्हणायचे. जड झालं. याला पुसणार कशी, फटीत रक्त बसेल. ती वैतागायची, "चेची, तुम्हाला काहीच पसंत पडत नाही." मी म्हणायचे, एकदा पसंत पडलं होतं, त्याचं काय झालं ते बघितलंस ना. साचा दोनदा पुढं गेला. तिसऱ्यांदा पडला.

ते यंत्र पहिल्यांदा खऱ्या रोग्याला लावायचं त्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. बोलवायला नकोच होतं, आत गर्दी नको. पण औजारांची ट्रॉली वर न्यायची होती, ती मी दुसऱ्या कुणाला नेऊ दिली नाही. तीन नंबरच्या दाराला गोल काच आहे, आणि वरची झडप उघडी असली की आतलं ऐकू येतं. टेबलावर एक म्हातारी होती, इरिंजालकुडाची, चांगली थोराड. कंबरेखाली बधिर झालेली, वर टक्क जागी. बिन्सीनं पन्हाळी टाचेखाली सरकवली, पट्टीवर पाऊल ठेवलं. एक. दोन. म्हातारीचा तो मेलेला जड पाय सावकाश उठला, सरळ वर गेला आणि थांबला. पाच. बिन्सी मागं सरली. तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवायचे ते तिला कळत नव्हतं, तिनं ते छातीशी धरले. लिजी रंगवायला लागली. पाय हलत नव्हता, केसभरही नाही. पडद्याच्या वरून म्हातारीला स्वतःच्या पायाची बोटं दिसत असावीत. ती मान उंचावून बघत होती.

"कुणी धरलाय गं माझा पाय?" तिनं विचारलं. "खाली ठेव म्हणावं, बाई. माझा पाय लाकडाच्या ओंडक्याएवढा. हात भरून येईल तिचा."

बिन्सीनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"रोझिली चेचीनं धरलाय, अम्मामा," ती म्हणाली. "आता तिचा हात दुखत नाही."